मोरूकाकांचा कोंबड्याचा बंगला

आमच्या वाडीत घर म्हटलं की पुढे ओटी, मागे पडवी, बाजूला गोठा आणि वर कौलं. गागोद्याच्या अलीकडची ती लहानशी वाडी, सगळी भात आणि वाल पिकवणारी माणसं. एकाचं घर दाखवावं आणि दुसऱ्याचं झाकावं, इतकी सारखी घरं. त्यात फक्त मोरूकाकांच्या घराला मनोरा होता.

मोरूकाका आमच्या भावकीतले. पावसाळ्यात भात करायचे, भात निघालं की त्याच जमिनीत वाल टाकायचे आणि वाल निघाले की अस्वस्थ व्हायचे. रिकामं बसणं त्यांना जमत नसे. मग कुणाचा नांगर नीट कर, कुणाच्या पाळण्याचा दांडा बदल, असं काहीतरी चालायचं. साठ सालच्या उन्हाळ्यात पेणच्या बाजारात त्यांना रोह्याचे हिरामण मिस्त्री भेटले. मिस्त्रींना रोह्याशेजारच्या अष्टमी गावात एका जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीसाठी माणूस हवा होता. मोरूकाका घरी निरोप धाडून बाजारातूनच एसटीत बसले.

तो बंगला व्हिक्टोरिया राणीच्या काळात कुणा इंग्रज अधिकाऱ्याने कुंडलिका नदीच्या काठाला बांधला होता. साहेब गेले, राज्य गेलं, बंगला राहिला. पुढे तो एका वकिलांनी घेतला होता. त्याच्या छपराचा उतार इतका तीव्र, की कावळासुद्धा वर बसायला बिचकायचा. छपराच्या कडेला लाकडाची कोरलेली झालर होती, साडीच्या काठासारखी. एका कोपऱ्यात गोल मनोरा, त्याला टोकदार टोपी आणि टोपीवर वाऱ्याबरोबर फिरणारा लोखंडी कोंबडा. त्या कोंबड्यावरून सगळे त्याला कोंबड्याचा बंगला म्हणायचे. दर्शनी भिंतीतून एक खिडकी पुढे आली होती. तीन बाजूंनी काचा, आत बसायला लाकडी बाक. दारावर रंगीत काचांची कमान. आणि दिवाणखान्यात भिंतीत एक मोठा कोनाडा, त्याच्यातून थेट छपराबाहेर निघणारं विटांचं धुराडं.

या कोनाड्यापाशी मोरूकाका थबकले. हे कशाला, असं त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, साहेब यात लाकडं पेटवून शेकत बसायचा. मोरूकाकांनी वर पाहिलं. त्याच खोलीच्या तुळईला मोठा पंखा टांगायचे लोखंडी आकडे होते आणि पंख्याची दोरी बाहेर जायला भिंतीत भोक.

"मिस्त्री, म्हंजे साहेब शेकत बसायचा आणि गरम झालं की पंखा ओढायला लावायचा?"

"मला काय ठाऊक?" मिस्त्री म्हणाले. "तू झालर धर."

मोरूकाकांनी झालर धरली आणि ती त्यांना सुटली नाही. कुजलेल्या झालरीचे तुकडे काढून त्याच नक्षीचे नवे कापायचे, हे काम त्यांच्याकडे आलं. जेवायच्या सुटीत बाकीची माणसं आंब्याखाली आडवी व्हायची आणि मोरूकाका बंगल्याभोवती फिरत राहायचे. निघायच्या दिवशी त्यांनी बांबूची एक लांब कामटी घेतली, तिच्यावर कोयत्याने मनोऱ्याची, खिडकीची, धुराड्याची मापं खुणा करून घेतली आणि ती काखेत धरून एसटीत चढले. कंडक्टरने कामटी टपावर टाकायला सांगितली. मोरूकाका म्हणाले, मग मीही टपावरच बसतो. शेवटी कामटी आतच आली.

घरी आल्यावर त्यांनी हौसाकाकूंना सांगितलं, की आपण हे घर पाडून नवं बांधायचं. हौसाकाकू म्हणजे वाडीतली सर्वांत कामसू आणि सर्वांत कमी बोलणारी बाई. त्यांनी चुलीवरची भाकरी उलटली आणि विचारलं, हाय त्या घराला काय झालं?

मोरूकाका दोन दिवस समजावत होते. काकूंना मनोरा म्हणजे काय ते नीटसं कळलं नाही, पण नवरा ऐकणार नाही हे कळलं. शेवटी दोघांचा तह झाला. मधल्या दारापासून पुढे मोरूकाकांचा बंगला. मधल्या दारापासून मागे चूल, पडवी आणि गोठा, सगळं होतं तसं. मागच्या एकाही कौलाला हात लावायचा नाही. असं ते घर पुढून विलायती आणि मागून आमच्यासारखं झालं.

लाकूड स्वतःच्या बांधावरचं होतं. विटांसाठी केरू आला. केरू कातकरीवाडीतला, उन्हाळाभर वीटभट्ट्यांवर राबणारा माणूस. त्याने तळ्याच्या मातीच्या विटा पाडून भाजून दिल्या आणि मोरूकाकांनी बदल्यात त्याच्या झोपडीला चौकट आणि दार करून दिलं. बांधकामाला तीन उन्हाळे लागले. पाऊस आला की काम थांबायचं आणि अर्धवट मनोऱ्यात बेडूक ओरडायचे.

पहिल्या उन्हाळ्यातच एक घोटाळा झाला. ती मापांची कामटी मोरूकाकांनी पडवीत उभी करून ठेवली होती. लाकडं ओली निघाली म्हणून हौसाकाकूंनी एका सकाळी ती मोडून चुलीत घातली. काका अंगणातून आले तेव्हा तिच्यावर चहा उकळत होता. चहा पिऊन ते बाहेर गेले, केरूला मधे उभं केलं, त्याच्याभोवती काठीने एक गोल आखला आणि म्हणाले, मनोरा एवढाच होता बहुतेक.

केरू अंगाने किरकोळ होता. मोरूकाका तसे नव्हते. मनोरा उभा राहिल्यावर कळलं, की त्यातली शिडी केरू सरसर चढतो आणि मोरूकाका मधेच अडकतात. पहिल्या दिवशी ते असे अडकले की खालून केरूने पाय ओढले तेव्हा सुटले. तेव्हापासून वर जायचं तर ते एक हात वर, एक हात खाली, असे तिरके होऊन जायचे. वर पोचल्यावर मात्र त्यांना अर्धी वाडी, सगळं तळं आणि लांबचा डोंगर दिसायचा आणि ते बराच वेळ खाली येत नसत. टोपीवर पत्र्याचा कोंबडा होताच. तो पहिल्या पावसात गंजला आणि कायमचा रोह्याकडे तोंड करून उभा राहिला.

पुढे आलेल्या खिडकीवर वाडी फार हसली. घराला पोट आलंय, कितवा महिना, असं बायका हौसाकाकूंना पाणवठ्यावर विचारायच्या. काकू मान खाली घालून हंडा भरायच्या. पण एकदा दुपारी त्यांनी निवडायचे तांदूळ घेऊन त्या बाकावर बसून पाहिलं. डावीकडच्या काचेतून वाडीचं वरचं टोक दिसत होतं, उजवीकडच्या काचेतून खालचं. कोण कुणाकडे गेली, किती वेळ बसली, येताना पदराखाली काय होतं, सगळं. आणि काचेवर ऊन पडल्यामुळे बाहेरच्याला आतलं काही दिसत नव्हतं. त्या दिवसापासून तांदूळ, वाल, लसूण, सगळं निवडणं सोलणं तिथेच होऊ लागलं. महिन्याभरात पाणवठ्यावरचे विनोद बंद झाले, कारण हौसाकाकूंना फारच गोष्टी ठाऊक होऊ लागल्या होत्या. मोरूकाकांपाशी मात्र त्या खिडकीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. घराला त्या त्यांच्यासमोर 'तुमचं ते' असंच म्हणत राहिल्या.

शेकोटीचा कोनाडा हे काकांचं मोठं दुःख होतं. धुराडं बांधलं, पण धूर नाही. आमच्याकडे थंडी म्हणजे पौषात पहाटे जरा घोंगडी ओढावी इतकीच. तरी एका पौषात त्यांनी ठरवलं, संध्याकाळी ऐनाची लाकडं रचली आणि पेटवली. धुराड्याच्या तोंडाशी साळुंक्यांनी घरटं भरून ठेवलं होतं. धूर वर गेला, विचार बदलून परत आला आणि खिडकीतून, कमानीतून, मनोऱ्यातून एकदम बाहेर पडला. घर पेटलं म्हणून सगळी वाडी हंडे, कळश्या घेऊन धावली आणि काय झालं हे कुणी विचारायच्या आत चारी बाजूंनी पाणी मारून मोकळी झाली. मोरूकाका शेकोटीसमोर पाटावर बसले होते. त्यांना त्या सबंध पौषात तेव्हाच काय ती खरी थंडी वाजली.

त्यानंतर हौसाकाकूंनी कोनाडा स्वतः झाडून घेतला आणि त्यात दोरी बांधून सुके बोंबील आणि सुकटीची टोपली टांगली. तिथे मांजर पोचत नव्हतं. इंग्रज साहेबाने इतक्या लांब येऊन ती सोय कशासाठी शोधली असावी, हे काकूंच्या दृष्टीने आता स्पष्ट झालं होतं.

रंगीत काचांनी मात्र जवळजवळ नुकसान केलं असतं. अष्टमीच्या कमानीत सात रंग होते. मोरूकाकांना पेणच्या फ्रेमवाल्याकडे हिरव्या आणि एक लाल एवढ्याच मिळाल्या. सकाळी ऊन आलं की ओटीवर हिरवा उजेड पडायचा. मुलगी सरू लग्नाची झाली, तेव्हा पहिला मुलगा पाहायला आला तो नेमका त्या उजेडात बसला. मुलगा चांगला होता, पण सरूला तो कावीळ झाल्यासारखा दिसला आणि ती नको म्हणाली. दुसऱ्या वेळी हौसाकाकूंनी पाट सरकवून ठेवला. मुलाचे वडील लाल काचेखाली आले. सगळा वेळ ते रागावलेत असं समजून मोरूकाका त्यांची प्रत्येक गोष्ट कबूल करत गेले. सरूचं लग्न ठरलं. व्याही किती गरीब स्वभावाचे आहेत, ते मांडवात उजेड पांढरा होता तेव्हा कळलं.

अशी वीस-पंचवीस वर्षं गेली. वाडीला घराची सवय झाली. रोह्याला कंपन्या आल्या, वाडीतली पोरं शिफ्टला जाऊ लागली. अष्टमीला खोल्यांना मागणी आली. एक दिवस सरूच्या नवऱ्याने येऊन सांगितलं, की कोंबड्याचा बंगला पाडला आणि तिथे चाळ उभी राहतेय. मोरूकाका त्या दिवशी जेवले नाहीत. मनोऱ्यात जाऊन बसले. काकूंनी भाकरी केरूबरोबर वर पाठवली, तेवढी खाल्ली.

पुढच्याच वर्षी मुंबईहून एक बाई आल्या. जिल्ह्यातल्या जुन्या इंग्रजी घरांची पाहणी करण्याचं त्यांचं काम होतं. त्या अष्टमीला पोचल्या तेव्हा तिथे चाळ होती. परत निघताना कुणीतरी त्यांना सांगितलं, की तसाच एक बंगला गागोद्याकडे एका वाडीत आहे. बाई जीप घेऊन चिखलातून वाडीत आल्या. मोरूकाका आणि हौसाकाकू तेव्हा सरूकडे बारशाला गेले होते. घराला कुलूप होतं. बाईंनी पुढून घर पाहिलं आणि त्या हरखून गेल्या. इतक्या आतल्या गावात इतकं जुनं घर शाबूत कसं, असं त्यांनी विचारलं.

उत्तर द्यायला गुणाजी पुढे आला. गुणाजी आमचा सरपंच. माणूस वाईट नव्हता, पण वाडीला डांबरी रस्ता हवा हे त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं, की त्याला कुठेही जीप दिसली की रस्ता दिसायचा. जुनं घर पाहायला मोठी माणसं येतील आणि मोठ्या माणसांना रस्ता लागेल, हा हिशेब त्याने जागच्या जागी केला. तो म्हणाला, हो, राणीच्या काळातलं आहे. बाईंनी साहेबाचं नाव विचारलं. गुणाजीने घराकडे पाहिलं, तोंडून 'मोरू' एवढं निघून गेलं, आणि मग त्याने ते कसंबसं ओढून 'मोरिसन' केलं.

मोरूकाका बारशाहून परतले तेव्हा त्यांचं घर शंभर वर्षांचं झालं होतं. गुणाजीने त्यांना सगळं सांगितलं आणि रस्ता होईपर्यंत गप्प राहायची विनंती केली.

काका आधी खूश झाले. मुंबईच्या बाईला आपलं काम साहेबाचं वाटलं, ही साधी गोष्ट नव्हती. ते दोन दिवस छाती काढून फिरले. तिसऱ्या दिवसापासून त्यांना काहीतरी टोचायला लागलं. जेवताना ते काकूंना म्हणाले, तो मोरिसन कोण, कुठला, त्याने एक वीट उचलली नाही. काकू म्हणाल्या, तुम्हीच त्याला घरात घेतलाय. आता वाढा जेवायला.

बाई पुन्हा आल्या त्या विद्यार्थी आणि दोन अधिकारी घेऊन. वाडी जमली. गुणाजीने फेटा बांधला होता. त्याने घर दाखवायला सुरुवात केली आणि हळूहळू त्याला स्वतःचीच गोडी लागली. मोरिसनसाहेब घोड्यावरून यायचे. मोरिसनसाहेब याच मनोऱ्यातून दुर्बीण लावून वाघ पाहायचे. साहेबांची मडम या खिडकीत बसून पेटी वाजवायची. खिडकीत हौसाकाकू वाल सोलत बसल्या होत्या. त्यांचा हात एकदम थांबला.

मोरूकाका गर्दीत मागे उभे होते. घोडा त्यांनी सहन केला. दुर्बीणही केली. वाघ ऐकून तर ते थोडे सुखावलेसुद्धा. पण गुणाजीला गोष्ट कुठेतरी संपवायची होती. साहेब कुठे गेले, असं एका विद्यार्थ्याने विचारल्यावर तो आवाज उतरवून म्हणाला, की बिचारे इथल्या हिवतापाने गेले, याच ओटीवर त्यांनी प्राण सोडला.

"गुणाजी, आता पुरे कर," मोरूकाका मागून म्हणाले. "मी मेलेलो नाय."

सगळे वळले. काका पुढे आले आणि बाईंना म्हणाले, "बाई, तो साहेब म्हंजे मी. हे घर मी बांधलंय."

गुणाजीने बाईंच्या कानाशी लागून सांगितलं, की यांचे आजोबा साहेबाकडे कामाला होते, त्यामुळे यांना कधीकधी तसं वाटतं. अधिकाऱ्यांनी समजूतदारपणे मान डोलावली. विद्यार्थी हसले. मोरूकाकांनी केरूला हाक मारली. केरूने सांगितलं, विटा माझ्या. पण गुणाजीने डोळे वटारल्यावर तो पुढे म्हणाला, बहुतेक. आता काकांची बाजू घेणारं कुणी उरलं नव्हतं. वाडीला रस्ता हवा होता आणि सगळे जमिनीकडे पाहत होते.

मग खिडकीची एक काच सरकली.

"बाई," हौसाकाकू म्हणाल्या, "घर यांनीच बांधलं. तीन उन्हाळे विटांना पाणी मी घातलंय, माझ्या कमरेला ठाऊक हाय. आणि ती मडम कोण ते मला माहीत नाय. या खिडकीत मी बसते. ही खिडकी माझी हाय."

एवढं बोलून त्यांनी काच लावून घेतली. मोरूकाका त्या काचेकडे पाहतच राहिले. पंचवीस वर्षांत काकूंनी घरातल्या कशालाही 'माझं' म्हटलं नव्हतं.

बाई आत गेल्या. त्यांनी शेकोटी पाहिली, तिच्यात टांगलेले बोंबील पाहिले. मग मधलं दार उघडलं. पलीकडे पडवी होती आणि पडवीच्या कडेने गोठ्यातल्या गाईने तोंड वर करून त्यांच्याकडे पाहिलं. बाई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. गुणाजीला वाटलं रस्ता गेला, आणि ते खरंच होतं. शंभर वर्षं जुनं नसलेलं घर त्यांच्या पाहणीत बसत नव्हतं. अधिकारी जीपमध्ये जाऊन बसले. बाई मात्र जेवायला थांबल्या. काकूंनी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली.

जेवताना बाईंनी विचारलं, की एवढा खटाटोप का केला.

"बघून बरं वाटलं," मोरूकाका म्हणाले. "वाटलं, आपल्याकडंबी असावं."

मग बाईंनी त्यांना अष्टमीच्या बंगल्याबद्दल विचारलं. झालरीची नक्षी कशी होती, मनोऱ्याला खिडक्या किती. मोरूकाकांनी बराच विचार केला आणि खरं ते सांगितलं. त्यातलं कुठलं तिथलं आणि कुठलं आपण मनाने केलं, हे आता आपल्यालाच सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, चालेल, दोन्ही सांगा.

वाडीने मोरूकाकांशी पावसाळाभर धड बोलणं ठेवलं नाही. गुणाजी समोरून आला की रस्ता बदलायचा, आणि वाडीला रस्ता एकच असल्यामुळे त्याला शेतातून जावं लागायचं. पण भातकापणीला माणसं लागतात. मोरूकाका न बोलावता गुणाजीच्या शेतावर विळा घेऊन उभे राहिले आणि गुणाजीला बोलावंच लागलं. तो म्हणाला, निदान हिवतापाच्या आधी तरी अडवायचं. मोरूकाका म्हणाले, वाघ मला आवडला होता. डांबरी रस्ता पुढे चार-पाच वर्षांनी आला. पुढच्या गावात कुणाचं तरी रेतीचं काम निघालं होतं म्हणून आला.

बाई मधे मधे विद्यार्थ्यांना घेऊन येत राहिल्या. मोरूकाका स्वतः सगळं दाखवायचे, आणि शेकोटीपाशी आले की पौषातली गोष्टही सांगायचे. मनोऱ्यात चढायला मात्र ते पुढे कुणाला देत नसत, कारण मनोरा एका बाजूला कलू लागला होता.

सत्तरी आली तेव्हा तो कल लांबून दिसायला लागला. सरूने सांगून पाहिलं, गुणाजीने सांगून पाहिलं. शेवटी एका उन्हाळ्यात काकांनी स्वतःच शिडी लावली, बाहेरून, आणि केरूला हाताशी घेऊन टोपीपासून एकेक वीट उतरवली. दोघे म्हातारे रोज थोडं थोडं काम करायचे आणि मधे विडी ओढत बसायचे. विटा चांगल्या होत्या. त्या विटांचं हौसाकाकूंना न्हाणीघर बांधून द्यायचं ठरलं, मधल्या दाराच्या मागे, काकूंच्या हद्दीत. त्यासाठी काकांनी रीतसर परवानगी मागितली आणि ती मिळाली.

न्हाणीघर चौकोनी निघालं. ते पाहून काकूंना आश्चर्य वाटलं. त्यांनी विचारलं, अवो, गोल का नाय केलं?

मोरूकाका थापीची माती झाडत म्हणाले, "गोल खोलीत बादली कुठं ठेवावी ते कळत नाय गो. मनोऱ्यात बसून बसून मला तेवढं समजलंय."